अरबांच्या पंगतीला बसताना

बदलापूर हे वाटेवरचे गाव. येथे घोडे बदलीत म्हणून गावाला हे नाव पडले, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. व्युत्पत्तीच्या कसोटीला ही कथा उतरो न उतरो, तिच्यातला आशय गावाला शोभणारा आहे. वाटसरूला काय लागते हे वाटेवरच्या गावाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. घोटभर पाणी, टेकायला ओसरी आणि दोन घास अन्न एवढे मिळाले, की परका मुलूखही त्याला आपला वाटू लागतो.

आज या टापूतला वाटसरू फार दूर जातो. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या गावांतून कामधंद्यासाठी दुबई, मस्कत, दोहा, कुवेत गाठणारे लोक थोडेथोडके नाहीत. कोणी यंत्रावर काम करतो, कोणी हिशेब लिहितो, कोणी रुग्णालयात परिचारिका असते. अलीकडे तर नुसत्या पाहण्याच्या हौसेनेही कुटुंबेच्या कुटुंबे तिकडे, किंवा त्याही पुढे ईजिप्त-जॉर्डनकडे, जाऊ लागली आहेत. निघताना पेटीत कैरीच्या लोणच्याची बरणी असते, मेतकूट असते, भाजणीचे पीठ असते. यात वावगे काहीच नाही. पण दहा-दहा वर्षे मस्कतला काढून परत आलेल्या माणसाला 'तिकडचे लोक जेवतात तरी काय?' असे विचारावे, आणि 'मटण आणि रोट्या' यापलीकडे उत्तर मिळू नये, हे मात्र मनाला लागते. ज्या मुलखाचे मीठ खाल्ले त्या मुलखाचे जेवण तेवढे खाल्ले नाही, असे हे झाले.

याची कारणे उघड आहेत. भाषा येत नाही. पदार्थात काय घातले आहे ते कळत नाही. शाकाहारी माणसाला तर प्रत्येक ताट संशयाचे वाटते. ही तिन्ही कारणे माहितीने दूर होण्याजोगी आहेत. चौथे कारण मनात असते आणि ते सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. ते असे, की हे अन्न आपले नव्हे. पहिल्या तीन कारणांवर जमेल तेवढा उपाय सांगावा, आणि चौथे कारण मुळी खरेच नाही हे दाखवावे, एवढाच या लेखात आमचा हेतू आहे.

एक नव्हे, अनेक पाकशाळा

'अरबी जेवण' हा शब्दच थोडा फसवा आहे. अरब लीग या संघटनेत २२ सदस्य राष्ट्रे आहेत, आणि ती आफ्रिकेच्या पश्चिम टोकापासून ओमानच्या किनाऱ्यापर्यंत पसरलेली आहेत. कोकणातले आणि विदर्भातले ताट एक नसते, तर एवढ्या अफाट प्रदेशाचे ते एक कसे असेल? प्रवाशाने ढोबळ मानाने चार पट्टे ध्यानात ठेवावेत. सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाइन आणि जॉर्डन या भागाला अरब लोक 'शाम' म्हणतात. तेथे गहू, हरभरा, दही आणि ऑलिव्हचे तेल यांचे राज्य आहे. ईजिप्त हा नाईलकाठचा शेतकऱ्यांचा देश; तेथे भाकरीसारखी रोटी आणि कडधान्ये मुख्य. मोरोक्को आणि त्याच्या शेजारच्या देशांत कुसकुस, म्हणजे रव्याचे वळलेले बारीक दाणे वाफवून, त्यांवर रस्सा घालून खातात. आणि आखाताच्या काठचे देश, जेथे आपली बहुतेक माणसे जातात, तेथे भात, मासे, मांस आणि खजूर हे मुख्य अन्न असून त्यांना आपल्याच किनाऱ्यावरून गेलेल्या मसाल्यांचा वास आहे.

पहिला पाहुणचार

आखातात कोणाच्या घरी गेलात तर प्रथम पुढे येते ती कॉफी. तिला 'कहवा' किंवा तिकडच्या उच्चारात 'गहवा' म्हणतात. ती आपल्या कॉफीसारखी काळी, गोड आणि दुधाची नसते. दाणे हलके भाजलेले असल्यामुळे तिचा रंग फिकट पिवळसर असतो, आणि तिच्यात वेलदोडा सढळ हाताने घातलेला असतो. कधी केशरही असते. साखर नसते, कारण गोडाचे काम सोबतचा खजूर करतो. वाढणारा डाव्या हातात 'दल्ला' नावाची चोचीची किटली आणि उजव्या हातात 'फिंजान' नावाच्या बिनकानाच्या लहान वाट्या घेऊन उभा राहतो. वाटीत जेमतेम तळाशी कॉफी असते. ही कंजुषी समजू नये. थोडी थोडी, गरम गरम, पुनःपुन्हा वाढणे हाच तेथला आदर आहे. पुरे झाले की वाटी हातातल्या हातात किंचित हलवायची. न हलविता परत केली तर ती पुन्हा भरली जाईल. पहिली वाटी नाकारू नये. या कॉफीच्या रिवाजाची नोंद युनेस्कोने २०१५ साली मानवजातीच्या वारशाच्या यादीत केली आहे.

न्याहारी

ईजिप्तमध्ये सकाळची न्याहारी म्हणजे 'फूल मुदम्मस'. 'फूल' म्हणजे बाकला नावाचे मोठे कडधान्य. ते रात्रभर मंद आचेवर शिजवून सकाळी घोटतात, वर तेल, जिरे आणि लिंबू घालतात, आणि गरम रोटीच्या तुकड्याने खातात. डाळिंब्यांच्या उसळीवर वाढलेल्या ठाणेकराला हा पदार्थ समजावून सांगावा लागत नाही. एक सूचना मात्र करायला हवी. जी-सिक्स-पी-डी या द्रव्याची कमतरता असल्याचे ज्यांना डॉक्टरांनी सांगितले असेल, त्यांनी बाकला खाऊ नये. त्यांच्या रक्ताला तो अपायकारक ठरतो.

शामच्या बाजूला 'हुम्मुस' असतो. हुम्मुस या शब्दाचा अर्थच हरभरा. शिजवलेले काबुली चणे, तिळाचे मऊ वाटण, लिंबू आणि लसूण एकत्र घोटून तो करतात. भाजलेल्या वांग्याचा गर याच तिळाच्या वाटणात कालवला की त्याला 'मुतब्बल' म्हणतात. आमच्या वांग्याच्या भरताचा तो थेट चुलतभाऊ. 'लबने' म्हणजे फडक्यात बांधून पाणी काढलेले दही, अर्थात आपला चक्का, फक्त साखरेऐवजी मीठ आणि तेल घातलेला. 'फलाफल' म्हणजे वाटलेल्या चण्यांचे तळलेले वडे; ईजिप्तमध्ये तेच बाकल्याचे करतात आणि 'तामिया' म्हणतात. डाळवडा खाणाऱ्याने ते डोळे मिटून मागवावेत. शाकाहारी प्रवाशाला हा सगळा प्रांत मोकळा आहे. आमच्या मते शामचे लोक जेवढे नाना प्रकारचे बिनमांसाचे जेवण रांधतात, तेवढे फार थोड्या मुलखांत आढळेल.

भाताची परात

दुपारचे मोठे जेवण म्हणजे भात. आखातात त्याला 'मच्बूस' आणि सौदी अरबस्तानात 'कब्सा' म्हणतात. मांस किंवा मासळी मसाल्यात शिजवायची आणि तिच्याच रश्शात तांदूळ शिजवायचा, अशी याची सर्वसाधारण रीत आहे. मच्बूसमध्ये एक वेगळी आंबट, किंचित कडसर चव लागते. ती 'लूमी'ची, म्हणजे मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात काळी पडेपर्यंत वाळविलेल्या लिंबांची. मासे खाणाऱ्या कोकणी माणसाने मासळीचा मच्बूस आणि लेबनॉनच्या किनाऱ्यावरचा 'सय्यादिया' अवश्य खाऊन पाहावा. सय्याद म्हणजे शिकारी किंवा कोळी. कांदा गडद होईपर्यंत परतून त्यात शिजविलेला हा कोळ्यांचा भात आहे. ओमानमध्ये सुकविलेल्या मोरीचा 'उवाल' मिळतो. आमच्या आठवडी बाजारातले सुकटीचे वाटे ज्याने पाहिले आहेत, त्याला उवालाचा वास परका वाटणार नाही.

येमेनच्या हद्रामौत प्रांतातली 'मंदी' आता सगळीकडे पोचली आहे. जमिनीत खोल भट्टी करतात, तळाशी निखारे, त्यांवर तांदळाचे भांडे आणि वर मांस ठेवून भट्टीचे तोंड बंद करतात. मांसातून गळणारा रस भातात उतरतो. ओमानात सणासाठी 'शुवा' करतात. मसाला चोपडलेले मांस पानांत गुंडाळून जमिनीतल्या भट्टीत पुरतात आणि एक-दोन दिवसांनी काढतात. थंडीच्या दिवसांत शेताच्या बांधावर भांबुर्ड्याचा पाला घालून, मडके पालथे करून पोपटी लावणाऱ्या आपल्या भागातल्या लोकांना ही कल्पना कोणी नवी म्हणून सांगू नये. पाणी न घालता, धुराच्या आणि पाल्याच्या वासात, झाकलेल्या विस्तवावर अन्न शिजविणे ही दोन्हीकडच्या शेतकऱ्या-मेंढपाळांची एकच युक्ती आहे.

जॉर्डनचा 'मन्सफ' हे तेथले राष्ट्रीय अन्न मानले जाते. २०२२ साली त्याचीही नोंद युनेस्कोने केली. शेळ्या-मेंढ्यांच्या दुधाचे ताक आटवून, खारवून त्याचे खडे वाळवितात; त्यांना 'जमीद' म्हणतात. वाळवंटात दूध टिकत नाही, जमीद टिकतो. तो पाण्यात कालवून केलेल्या दाट कढीत मांस शिजवायचे आणि पातळ पोळीवर भात, भातावर मांस, त्यावर कढी अशी परात मांडायची. सगळे तिच्याभोवती बसून उजव्या हाताने जेवतात.

ईजिप्तची 'कुशरी' शाकाहारी माणसाने विसरू नये. भात, मसूर, मॅकरोनी आणि चणे यांवर टोमॅटोची आंबट-तिखट चटणी आणि कुरकुरीत तळलेला कांदा. ही कैरोच्या रस्त्यावरची कष्टकऱ्यांची आवडती थाळी. तिचे नाव आणि तिचा मूळ गाभा हिंदुस्थानच्या खिचडीवरून गेला असे मानले जाते. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने हिंदुस्थानात मूग-तांदळाची 'किश्री' तुपाबरोबर खातात, असे लिहून ठेवलेच आहे. हाच इब्न बतूता १३४२च्या सुमारास दौलताबाद आणि नंदुरबार या बाजूने गेला, आणि तेथले मराठे लोक भात, भाज्या व तिळाचे तेल खातात, जेवणापूर्वी स्नान करतात, हेही त्याने टिपून ठेवले. इतक्या दूरचा माणूस आमच्या ताटात काय आहे हे पाहून गेला. आम्ही त्याच्या ताटाकडे तेवढ्या कुतूहलाने पाहिले आहे काय, हे ज्याने त्याने मनाशी विचारावे.

हरीस : मराठी मुलखात आलेले अन्न

आता एका पदार्थाकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. तो म्हणजे 'हरीस'. सडलेला गहू रात्रभर भिजवायचा, मांसाबरोबर कित्येक तास शिजवायचा आणि लाकडी दांड्याने घोटून घोटून गहू व मांस एकजीव करायचे. मीठ, थोडी दालचिनी आणि वर तूप, बस्स. दहाव्या शतकातल्या बगदादच्या पाकग्रंथात हा पदार्थ आहे, आणि आजही रमजानात व लग्नकार्यात तो आखाताच्या घरोघरी होतो. खपली गव्हाची खीर करताना गहू सडून, भिजवून, घोटणाऱ्या आमच्या आजीबाईंना त्यातले निम्मे काम पाठ आहे.

हरीस चाखायला मराठी माणसाला समुद्र ओलांडावा लागत नाही. निजामाच्या फौजेत हद्रामौतचे अरब शिपाई मोठ्या संख्येने असत. नागपूरकर भोसल्यांच्या पदरीही अरबांची पथके होती; १८१७ साली सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांशी नागपूर शहर अखेरपर्यंत लढविले ते मुख्यतः या अरबांनीच. निजामाच्या अरबांचे वंशज आज हैदराबादेत आणि मराठवाड्यात 'चाऊस' म्हणून ओळखले जातात. हैदराबादेतल्या बारकस या त्यांच्या जुन्या वस्तीत हरीस अजून न्याहारीला मिळतो. त्यात डाळी आणि दख्खनी मसाला पडला तेव्हा त्याचा हलीम झाला. त्या हैदराबादी हलीमला २०१० साली भौगोलिक चिन्हांकनही मिळाले. मराठवाडा १९४८पर्यंत त्याच राज्याचा भाग होता. तेव्हा मस्कतच्या ताटात हरीस दिसला तर त्याला परदेशी म्हणण्यापूर्वी थोडा विचार करावा.

नावांची देवघेव

पदार्थ जातो तेव्हा त्याचे नावही बरोबर जाते. मराठी स्वयंपाकघरात किती अरबी शब्द आहेत हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. संक्रांतीला नव्या सुनेच्या आणि तान्ह्या बाळाच्या अंगावर ज्याचे दागिने घालतो तो हलवा, हा शब्द अरबीतला; त्याचा अर्थ गोड पदार्थ. कोकमाचे सरबत आमचे, पण सरबत हा शब्द अरबांच्या 'पिणे' या धातूतून आला. मुरंबा हा अरबी 'मुरब्बा'. आमच्या 'मुरणे' या क्रियापदाशी त्याचा सूर असा जुळला की तो येथलाच वाटू लागला. लग्नाच्या पंगतीतली जिलबी म्हणजे अरबांची 'जुलाबिया'.

उलट बाजूही तेवढीच भारी आहे. आपली शर्करा त्यांच्याकडे 'सुक्कर' झाली. पिंपळीचे त्यांनी 'फिलफिल' केले आणि ते नाव मिरीला दिले. चिंचेला ते 'तमर हिंदी' म्हणजे हिंदुस्थानचा खजूर म्हणतात. रमजानात कैरो आणि दमास्कसच्या रस्त्यांवर त्याच नावाचे चिंचेचे सरबत विकतात. नारळ म्हणजे 'जौज-अल्-हिंद', हिंदुस्थानचे अक्रोड.

आणि या सर्वांत मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा शब्द तर वेगळाच आहे. इराकमध्ये कैरी, मीठ, हळद, मेथी आणि शिरका घालून एक पिवळेजर्द लोणचे करतात. मासळीवर, उकडलेल्या अंड्यावर, रोटीत भरून ते खातात. त्याचे नाव 'अंबा'. हा आमचा 'आंबा' होय. बगदाद-बसऱ्याचे व्यापारी मुंबईत ये-जा करीत. काळा घोड्याजवळच्या ग्रंथालयाला ज्याचे नाव आहे तो डेव्हिड ससून १८३०नंतरच्या दशकात बगदादचे घर सोडून मुंबईत स्थायिक झाला. अशा बगदादी ज्यू व्यापाऱ्यांच्या हातून हे लोणचे तिकडे गेले, असे मानतात. पुढे १९५०-५१ साली इराकमधले बहुसंख्य ज्यू देश सोडून इस्रायलला गेले, तेव्हा बाकी पुष्कळ मागे राहिले, पण अंबा त्यांच्याबरोबर गेला. आमचा प्रवासी ज्या बरणीला जपत विमानात चढतो, तिची थोरली बहीण त्याच्या आधीच तिकडे नांदायला गेलेली आहे.

व्यवहाराच्या चार गोष्टी

शाकाहारी माणसाने एक वाक्य पाठ करावे : 'अना नबाती', म्हणजे मी शाकाहारी आहे. 'बिला लहम' म्हणजे मांसाशिवाय. पण तेवढ्यावर विसंबू नये. नुसता दिसणारा भात किंवा भाजीही 'मरक' म्हणजे मांसाच्या रश्शात शिजविलेली असू शकते. तेवढे विचारून घ्यावे. परातीत जेवताना आपल्या समोरच्या भागातूनच घ्यावे. यजमान उत्तम तुकडा आपल्याकडे सारील. तो आग्रह आपल्याकडच्या पंगतीतल्या आग्रहासारखाच समजावा. रमजान महिन्यात दिवसा चारचौघांत खाऊ-पिऊ नये. काही देशांत तसा कायदा आहे, आणि कायदा नसला तरी सभ्यता आहे. सूर्यास्तानंतर मात्र त्या दिवसांत जेवणाचे जे आमंत्रण येईल ते टाळू नये. त्या महिन्यात अनोळखी मजुरांसाठीही मशिदींशेजारी पंगती बसतात.

संजाणचे सत्र

शेवटी आपल्याच किनाऱ्यावरची एक गोष्ट. अंबरनाथचे शिवालय शिलाहारांच्या काळात, १०६० साली पुरे झाले, हे येथील शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्या देवालयापेक्षाही जुना काळ घ्या. ९१६च्या सुमारास बगदादचा लेखक अल्-मसूदी चौल बंदरात आला, तेव्हा तेथे सुमारे १०,००० मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहिले आहे. त्यांत ओमान, बसरा, बगदाद येथून येऊन वसलेले पुष्कळ होते, आणि त्यांच्या व्यवहारात येथील राजे विश्वासाने त्यांच्यातल्याच माणसाला अधिकार देत.

डहाणू तालुक्यातल्या चिंचणी गावी राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वेळचा, शके ८४८ म्हणजे ९२६ सालचा, एक ताम्रपट सापडला. त्यात संजाण प्रांताच्या अधिकाऱ्याचे नाव आहे मधुमती. तो 'ताजिक', म्हणजे अरब. मुहम्मद या नावाचेच ते संस्कृत रूप असल्याचे विद्वान मानतात. या अधिकाऱ्याच्या संमतीने देवीच्या एका मठिकेला दान दिल्याची त्यात नोंद आहे. आणि त्याच्या सत्कृत्यांत दोन गोष्टी नमूद केल्या आहेत : त्याने नदीनाल्यांवर फुकट तरी चालविली, आणि संजाणला अन्नसत्र घातले. त्या सत्रात येणाऱ्याला साळीचा भात, कालवण आणि तूप विनामूल्य वाढले जाई.

त्या ताटाकडे आम्ही पुनःपुन्हा पाहतो. आपल्या मुलखापासून दूर आलेल्या एका अरबाने या मुलखातल्या वाटसरूंची भूक ओळखली, आणि त्यांना रुचेल तेच, त्यांच्याच शेतातल्या तांदळाचे अन्न वाढले. येथे काय खातात हे त्याने आधी जाणून घेतले असले पाहिजे. त्यावाचून भातावर तूप कोण वाढतो?

आज अकराशे वर्षांनी आपली माणसे त्याच्या मुलखात वाटसरू आहेत. तेथे घाम गाळून ती घरी पैसे पाठवितात, मुलांची शिक्षणे करतात, घरे बांधतात. तेथल्या लोकांशी त्यांचा संबंध कामापुरता राहिला, तर वर्षे जातील आणि दोन्ही बाजू एकमेकांना अनोळखीच राहतील. हे टळण्याचा सर्वांत सोपा मार्ग ताटावरून जातो. लोणच्याची बरणी खुशाल न्यावी. तिच्यातली एखादी फोड शेजारच्या अरबाला किंवा इराक्याला द्यावी, आणि तो त्याला काय नाव देतो ते ऐकावे. आणि त्याने परातीपाशी हात धरून बसविले, तर हात धुऊन बसावे.